बार्शीचा नारळ

मराठवाड्यातल्या शाळांचे मुख्याध्यापक, गुरुजी आणि बाई यांना,

सप्रेम नमस्कार.

मी पोस्टात चौतीस वर्षं काउंटरवर बसून निवृत्त झालेली बाई आहे. शिक्षण खात्याशी माझा संबंध इतकाच, की नातू सहावीत आहे आणि त्याचं दप्तर संध्याकाळी माझ्यासमोर उघडतं. त्याच्या शाळेचं नाव इथं लिहीत नाही. ते लिहिलं तर पत्र त्या एका शाळेच्या माथी बसेल आणि बाकीचे सगळे निवांत होतील.

झालं असं. १७ सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, कार्यक्रमात त्याचं भाषण होतं. पाठ करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मोबाइलवरून वहीत उतरवलेलं भाषण होतं आणि सुरुवातच अशी : "दीडशे वर्षांच्या इंग्रजांच्या जोखडातून आजच्या दिवशी आपला मराठवाडा मुक्त झाला." मी म्हटलं, अरे बाळा, इंग्रज नव्हे, निजाम. तो म्हणाला, "आजी, बाईंनी तपासलंय." मी खोडलं, त्यानं पुन्हा लिहिलं. सहावीतल्या पोरासमोर आजीचं काय चालणार? दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता झेंडावंदनाला त्यानं ते खणखणीत आवाजात म्हटलं, टाळ्या पडल्या, आणि बिस्किटाचे दोन पुडे घेऊन साडेआठला घरी आला. अंगणात बसलेल्या माझ्या वडिलांनी, म्हणजे त्याच्या पणजोबांनी, विचारलं, "काय सांगितलं भाषणात?" त्यानं सांगितलं. बाबा काहीच बोलले नाहीत. मला म्हणाले, "चहा टाक."

बाबांचा जन्म १९४२ सालचा. ती मुक्ती की काय म्हणतात ती झाली तेव्हा ते सहा वर्षांचे होते आणि आपल्या घरी नव्हते. बार्शीत होते. कुणाच्या तरी वाड्याच्या पडवीत.

हे पत्र बाईंची चूक काढायला लिहिलेलं नाही. एका हातानं जनगणना, दुसऱ्या हातानं पोषण आहाराचा हिशेब आणि उरलेल्या वेळात साठ पोरं, हे मला दिसतं. चूक आमच्या घरची आहे. ज्या घरात ती गोष्ट जिवंत बसलेली होती त्या घरातलं पोर मोबाइलवरून भाषण उतरवतं, ही आमची चूक. पण ती सुधारायची तर आम्हाला तुमची गरज आहे, म्हणून लिहिते.

आधी आमच्या घरातला सण सांगते.

आमच्या आजीला, म्हणजे बाबांच्या आईला, १७ सप्टेंबर ही तारीख ठाऊकच नव्हती. तिच्याकडे तारखा नव्हत्या, तिथी होत्या. तिच्या तोंडी "रझाकारात" म्हणजे एक काळ, "ॲक्शनीत" म्हणजे दुसरा काळ. आणि दर वर्षी अनंत चतुर्दशीला गणपती बोळवताना ती एक नारळ जास्त फोडायची. पहिला गणपतीचा. दुसरा फोडताना म्हणायची, "ह्यो बार्शीचा." त्या नारळाचं खोबरं प्रसादात मिसळायचं नाही. ते वेगळं, गुळासोबत, घरातल्यांनीच खायचं. आम्हा पोरांना वाटायचं, बार्शीला कुठला तरी देव असेल, त्याचा नवस असेल. मला तर पुढं कितीतरी वर्षं भगवंताच्या देवळामुळं असेल असंच वाटत होतं. बार्शीला भगवंताचं देऊळ आहेच, त्यामुळं कुणी विचारलंही नाही.

बाबांनी उलगडा केला तेव्हा मी स्वतः आई झाले होते. १९४८ साली अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला आली होती. बार्शीत त्या दिवशी गणपती निघाले होते. संध्याकाळी कुणाकडच्या तरी रेडिओवर बातमी आली, की निजामानं शस्त्रं खाली ठेवली. मिरवणुकीतले लोक थांबले, मग गुलाल संपला, मग आमच्यासारखी जी मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या राज्यातून, पळून आलेली कुटुंबं होती त्यांतल्या बायका रडायला लागल्या. आजीनं पदराच्या गाठीतले पैसे सोडून एक नारळ विकत घेतला आणि रस्त्यातच फोडला. तोच तो बार्शीचा नारळ. आजी १९९३ ला गेली, तोवर दर वर्षी फुटला. नंतर बंद पडला, कारण आईला तो नवस वाटायचा आणि नवस फेडणारी गेली की नवस संपतो.

गंमत बघा. २०२४ साली १७ सप्टेंबरलाच अनंत चतुर्दशी आली. १९४८ सारखी तिथी आणि तारीख पुन्हा एका दिवशी. आमच्या गावात त्या दिवशी सकाळी झेंडा, दुपारी डीजे. दोन्हीकडे तीच पोरं. दोन्हींमधला धागा सांगणारं कुणी नव्हतं. मी तरी कुठं सांगितला?

आता जे भाषणात यायला हवं होतं ते थोडक्यात. तुम्हाला माहीत आहे, पण आई-बापांना नाही, आणि हे पत्र तेही वाचतील.

१५ ऑगस्ट १९४७ ला लाल किल्ल्यावर तयारी चालली होती तेव्हा औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद हे आपले पाच जिल्हे (आताचे आठ त्या पाचांतूनच झाले) हैदराबाद संस्थानात होते. सातवा निजाम मीर उस्मान अली खान भारतात सामील झाला नाही. त्या दिवशी तिरंगा लावणं हा आपल्याकडे गुन्हा होता. स्वामी रामानंद तीर्थांनी हैदराबादेत झेंडा फडकवला आणि त्यांना अटक झाली. म्हणजे ज्या दिवशी आपण जिलेबी खातो त्या दिवशी आपले पुढारी तुरुंगात होते. नोव्हेंबरात भारत सरकार आणि निजामात जैसे थे करार झाला आणि जैसे थे काहीच राहिलं नाही. लातूरचा वकील कासिम रझवी रझाकारांची, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद लोकांची, संघटना घेऊन उभा होता. पुढचं वर्ष सीमेवरच्या गावांनी कसं काढलं ते ज्यांनी काढलं त्यांनाच ठाऊक. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गात शिरली. दुसऱ्या बाजूंनीही तुकड्या आल्या. नाव 'पोलीस ॲक्शन', पण पोलीस कुठले, रणगाडे होते. पाचव्या दिवशी, १७ तारखेच्या संध्याकाळी, निजामानं शरणागती जाहीर केली. १८ ला त्याचा सेनापती एल इद्रूस यानं जनरल चौधरींपुढं शस्त्रं ठेवली.

यापुढची गंमत पाठ्यपुस्तकात बहुधा एका ओळीत असते, पण ती पोरांना फार आवडते. २६ जानेवारी १९५० ला देश प्रजासत्ताक झाला. आणि हैदराबाद राज्याचा राजप्रमुख कोण झाला? तोच निजाम. १९५६ ला राज्य मोडेपर्यंत तोच होता. मी हे नातवाला सांगितलं तेव्हा तो पाच मिनिटं गप्प बसला आणि मग म्हणाला, "मग आपण जिंकलो का हरलो?" असा प्रश्न भाषण पाठ करणाऱ्या पोराला पडत नाही.

म्हणजे बघा, आपल्या भागातल्या घराला वर्षात चार झेंडे आहेत, आणि चारही वेगळ्या गोष्टींचे. १५ ऑगस्ट आपला मिळालेला नाही, मागून लागू झालेला आहे. २६ जानेवारी ही १९३० च्या पूर्ण स्वराज्याच्या शपथेची आठवण म्हणून निवडलेली तारीख, आणि आपल्याकडे ती राजप्रमुखासकट आली. १७ सप्टेंबर आपला. १ मे आला तेव्हा मराठवाडा महाराष्ट्रात विनाअट आलेला होता, आणि त्या 'विनाअट' शब्दावर आमच्याकडे पारावर अजून भांडणं होतात. या चारही दिवशी आपल्या घरांत काय होतं? सकाळी पोराला पांढरा गणवेश, मग टीव्ही, मग मटण किंवा जिलेबी, मग झोप. मी कुणाच्या मटणावर टीका करत नाही. सुट्टीला जेवण चांगलं हवंच. पण आजीच्या नारळासारखी एखादी गोष्ट, जिच्यामुळं पोर विचारेल की हे का, तेवढी कुठल्याच घरात राहिलेली नाही.

आणि त्या दिवशीचं वर्तमानपत्र उघडा. पहिल्या पानावर पॅकेज. इतके कोटी, तितके कोटी, सिंचनाचा अनुशेष, मंत्रिमंडळाची बैठक, कोण आलं, कुणी काळे झेंडे दाखवले. अनुशेष खरा आहे, पाणी नाही हेही खरंच आहे, भांडलं पाहिजे. पण वर्षातला हा एक दिवस होता ज्या दिवशी या लढ्यात लढलेल्या दगडाबाई शेळके कोण होत्या हे छापून यायला हवं. आमच्या शेजाऱ्यांची तर आणखी मजा. तोच दिवस, तेच संस्थान, पण कलबुर्गी-बीदरकडे तो कल्याण कर्नाटक उत्सव दिन, हैदराबादेत राज्य सरकार एक नाव देतं आणि केंद्र सरकार त्याच शहरात हैदराबाद मुक्ती दिन म्हणून दुसरा मांडव घालतं. एका दिवसाला इतकी नावं. पोरांनी काय लक्षात ठेवायचं?

तुमच्या कार्यक्रमांतली भाषणं मी तीन-चार वर्षं लक्ष देऊन ऐकली. त्यांत सरदार पटेल असतात, फौज असते आणि "मुक्त झाला" असतं. जणू पाच दिवसांत सगळं झालं. लोक कुठंच नसतात. मला हे सगळ्यात जास्त टोचतं, कारण आमचे आजोबा कुठल्याही यादीत नाहीत आणि तरी त्यांनी काहीतरी केलं होतं.

काय केलं होतं? शिंदीची झाडं तोडली होती. आता हे ऐकून पोरं हसतात. झाडं तोडून स्वातंत्र्य कसं मिळतं? पण शिंदीच्या ताडीवर सरकारचा महसूल होता, तो बुडवायचा, म्हणून गावंच्या गावं रात्री कुऱ्हाडी घेऊन जायची. तसेच करोडगिरीचे नाके. निजामाच्या राज्यात बाहेरून माल आला की करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, आमचं गाव निजामाच्या. मधे ओढा. ओढ्याच्या अलीकडं नाका. बार्शीच्या बाजारातून मीठ-कापड आणलं तरी तिथं उभं राहायचं. ते नाके जाळले गेले, पाटील-पटवाऱ्यांची दप्तरं जाळली गेली. पैसेसुद्धा वेगळे. आजोबा बार्शीला पळाले तेव्हा कमरेला हाली, म्हणजे निजामाचे, रुपये होते. बार्शीत कलदार, म्हणजे इंग्रजी रुपया, लागायचा. सराफानं बट्टा कापला तो राग आजोबा मरेपर्यंत बोलून दाखवायचे, रझाकारांपेक्षा जास्त. (टपालही वेगळं होतं बरं का, निजामाची तिकिटं होती. पोस्टात असताना एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला त्यांच्या पाकिटावर दाखवली होती. पोरांना तिकीट दाखवा, अर्धा इतिहास तिकिटानंच शिकवून होतो.)

त्याच्याही आधी, १९३८ साली, औरंगाबादच्या कॉलेजातली आणि हैदराबादच्या उस्मानियातली पोरं वसतिगृहात वंदे मातरम् म्हणाली म्हणून काढून टाकली गेली. गाणं म्हटलं म्हणून शिक्षण गेलं. नागपूर विद्यापीठानं त्यांना घेतलं. ती तुमच्या बारावीतल्या पोरांच्या वयाची होती. सभा घ्यायची तर परवानगी लागे, त्याला 'गश्ती निशाण ५३' हा हुकूम होता. राज्यातलं वरचं शिक्षण उर्दूतून होतं. म्हणून तर अंबाजोगाईला, हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाल्या आणि स्वामी रामानंद तीर्थ पुढारी होण्याआधी तिथं मास्तर होते. गुरुजी, हे तुमच्याच धंद्यातलं माणूस. मुक्तिसंग्रामाचा पुढारी मास्तर होता, हे तरी ठणकावून सांगायला तुम्हाला काय हरकत आहे?

नांदेडकडच्या शाळांनी उमरीच्या बँकेची गोष्ट सांगावी. कार्यकर्त्यांनी सशस्त्र लढ्याच्या खर्चासाठी ती बँक लुटली ३० जानेवारी १९४८ ला. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या. एकाच दिवसात या दोन बातम्या ऐकणाऱ्या माणसाला काय वाटलं असेल, यावर नववीच्या वर्गात तास रंगेल. बिलोलीकडच्यांना गोविंदराव पानसरे आहेत, वसमतकडच्यांना बहिर्जी शिंदे आहेत, जालन्याकडच्यांना दगडाबाई. प्रत्येक तालुक्यात कुणीतरी आहे. मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळात बांधलेली हुतात्मा स्मारकं आहेत. आमच्या भागातल्या स्मारकाला वर्षातून एकदा, सोळा तारखेला, चुना लागतो. बाकी वर्षभर तिथं पत्ते चांगले रंगतात.

आता जरा अवघड गोष्ट. हे लिहू की नको, यात माझे दोन आठवडे गेले. पण सांगायचं तर पूर्ण सांगावं.

१९४८ च्या ज्येष्ठात, पेरणी न करता, आमचं घर गाव सोडून बार्शीला गेलं. बैलगाडीत मावेल तितकं घेतलं. मोठी भांडी मावेनात. दोन तांब्याचे हंडे, एक घंगाळ, पितळेची परात. आजीनं ती शेजारच्या आत्तारांच्या घरी ठेवली. त्यांच्या सुनेच्या ताब्यात. ती आणि आजी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या. त्यांचा मुलगा बाबांच्याच वयाचा. रझाकार आले तरी मुसलमानाच्या घराला हात लावणार नाहीत, म्हणजे भांडी सुरक्षित, असा हिशेब. आणि रझाकार खरोखर आले. वरच्या आळीतली घरं लुटली, एकाला मारलं. भांडी राहिली. आत्तारांनी राखली.

दिवाळी झाल्यावर आमचे लोक परत आले. आत्तारांचं घर नव्हतं. म्हणजे भिंती होत्या, वर काही नव्हतं. माणसं नव्हती. भांडीही नव्हती. ॲक्शननंतरच्या त्या पंधरा-वीस दिवसांत बाहेरून लोक आले होते म्हणे. गावातले नव्हते का, असं मी बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "होते की." कोण ते सांगितलं नाही आणि मीही पुढं विचारलं नाही. आत्तार कुठं गेले, गेले की राहिलेच नाहीत, ते कुणाला सांगता आलं नाही.

आमच्या घरात पुढं चाळीस वर्षं त्या हंड्यांची आठवण निघायची. लग्नकार्य आलं, मोठं भांडं लागलं, की कुणीतरी म्हणायचं, ते हंडे असते तर. हंडे ज्या बाईनं जपले तिचं नाव मला माहीत नाही. आजीला माहीत होतं. ती सांगायची नाही.

हे आमच्या एकट्या गावाचं नाही. नेहरूंच्या सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ती फिरली. कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं मेली असावीत असा तिचा अंदाज होता आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद आणि नांदेड होते. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना वाचवल्याच्याही नोंदी तिनं केल्या आहेत. तो अहवाल साठ वर्षांहून अधिक काळ लोकांपुढं आला नाही. तो आला म्हणून रझाकारांनी केलेलं पुसलं जात नाही. बीदरकडच्या गोरटा गावात त्यांनी कत्तल केली, ती केलीच. शोएबुल्ला खान नावाचा तरुण संपादक हैदराबाद भारतात जावं असं लिहायचा, म्हणून रझाकारांनी ऑगस्ट १९४८ मध्ये त्याला रस्त्यात मारलं. हा लढा हिंदूंचा मुसलमानांशी होता, असं जे पोर भाषणात म्हणेल त्याला आधी शोएबुल्ला खानांचं नाव सांगा.

सहावीच्या पोराला यातलं किती सांगावं? मला खरंच कळत नाही. मी नातवाला आत्तारांचं सांगितलेलं नाही. फक्त भांडी शेजाऱ्यांनी सांभाळली, इतकंच सांगितलं. पुढचं नववीत सांगेन. पण आत्ता निदान खोटं तरी सांगू नये, एवढी माझी अपेक्षा आहे. वर्गात शेख, पठाण, आत्तार, मोमीन आडनावांची पोरं बसलेली असतात. मंचावरून "त्यांना हाकलून दिलं" असं वाक्य येतं तेव्हा मी त्या पोरांच्या तोंडाकडं बघते. तुम्हीही एकदा बघा.

आता मुद्द्यावर येते. गेली दोन-तीन वर्षं आमच्या भागात एक नवंच काम चाललंय. घरोघरी ट्रंका उघडल्या गेल्या. कुणबी नोंदीसाठी. निजामकाळची कागदं, खासरा पत्रक, उर्दूतले उतारे, मोडीतल्या चिठ्ठ्या. जे लोक आजोबाचं नाव धड सांगू शकत नव्हते ते पणजोबाची नोंद शोधत तहसीलला खेटे घालतायत. मोडी वाचणाऱ्याला भाव आलाय. आरक्षणाचं काय व्हायचं ते होवो, मी त्यात पडत नाही. पण ट्रंक उघडलीच आहे, तर त्या कागदासोबत गोष्टही बाहेर काढता येईल. आमच्या ट्रंकेत बाबांना एक पावती सापडली. करोडगिरीची. दोन पायली मीठ आणि एक धोतर. नातवाला ती पावती त्याच्या भाषणापेक्षा जास्त आवडली. त्यानं तिचा फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकला, तर बाईंनीच विचारलं, "करोडगिरी म्हणजे काय रे?" मला त्या बाई फार आवडल्या. ज्यांना विचारता येतं त्यांना शिकवताही येतं.

तेव्हा माझं मागणं एवढंच. यंदा भाषण देऊ नका. निबंध स्पर्धाही नको, निबंधही मोबाइलवरूनच येतो. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, गणपती असोत की पितृपक्ष जवळ आलेला असो (२०२५ साली हा दिवस पितृपक्षातच पडला होता, ऐन एकादशीला, आणि पितरांची आठवण काढायच्या त्या पंधरवड्यातही कुणाला हे पितर आठवले नाहीत), पोरांना घरी एकच प्रश्न विचारायला पाठवा : "रझाकाराच्या वेळी आपलं घर कुठं होतं?" बस. उत्तर चार ओळींत लिहून आणायचं, घरच्या बोलीत. शुद्धलेखन तपासू नका. कुणी म्हणेल, आम्ही तेव्हा विदर्भात होतो. कुणी म्हणेल, आम्ही पाथर्डीकडून ऊसतोडीला आलो, आमचा काय संबंध. कुणी म्हणेल, आमचे आजोबा निजामाच्या पोलिसात होते. तेही लिहू द्या. कुणाच्या घरी गप्प बसतील. ते पोर कोरा कागद आणेल, त्याला रागावू नका.

घाई एवढ्यासाठी, की तेव्हा सहा वर्षांचं असलेलं माणूस आता ऐंशी ओलांडून गेलंय. दहा वर्षांनी हा प्रश्न विचारायला कुणी उरणार नाही. मग मोबाइलच आहे, आणि मोबाइलमध्ये इंग्रज आहेत.

ते कागद शाळेत एका जाड वहीत चिकटवा. सतरा तारखेला प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाला पाच मिनिटं कमी करून त्यातले तीन कागद पोरांना वाचू द्या. पाहुणे रागावणार नाहीत, त्यांनाही पुढच्या झेंड्याला जायचं असतं. पालकांना बोलवा. आणि जमलं तर म्हाताऱ्यांना पुढच्या खुर्च्यांवर बसवा, त्या नेहमी पाहुण्यांसाठी अडवून ठेवलेल्या असतात.

आई-बापांनाही एक सांगते, पत्र तुमच्या हाती आलंच असेल तर. त्या दिवशी मटण करा की काय हवं ते करा. पण जेवताना घरातल्या जुन्या माणसाला एक ताट आधी वाढा आणि विचारा. ते आधी "काय नाही रे" म्हणतील. पुन्हा विचारा. बाबांनाही मी सातव्यांदा विचारलं तेव्हा बार्शी निघाली होती.

आमच्याकडे यंदापासून नारळ पुन्हा सुरू करतोय. तिथीला की तारखेला, यावर घरात अजून भांडण चालू आहे. सून म्हणते तारखेला, कारण सुट्टी असते. बाबा म्हणतात अनंताला. नातू म्हणतो दोन्ही दिवशी, त्याला खोबरं मिळतं. मी आणखी एक नारळ आणणार आहे, हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. तो कुणाचा, ते बाबांना विचारून ठरवीन. तिचं नाव त्यांना आठवत असेल असं मला वाटतं.

तुमच्यापैकी जवळपासच्या कुठल्या शाळेला पोरं पाठवायची असतील तर जरूर पाठवा. बाबा सकाळी नऊ ते बारा अंगणात असतात. डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजव्या बाजूला बसवा. दुपारी दोन ते चार झोपतात, तेव्हा मात्र कुणी उठवू नये. खाऊ आणू नका. पोरांना मात्र मी काहीतरी देईन.

आपली,
सहावीतल्या एका मुलाची आजी